भीष्माचा भ

सोलापुरातल्या जुन्या नाटकवेड्यांना माझी पाठ अजूनही ओळखता येईल. चेहऱ्याचं मात्र सांगता येत नाही. संगीत नाटकात ऑर्गनवाला रंगमंचाच्या पुढ्यात, खालच्या अंगाला, प्रेक्षकांकडे पाठ करून बसतो. वर दिवे, वर फुलं, वर टाळ्या. खाली आम्ही दोघं, एका बाजूला तबला आणि एका बाजूला मी. लोक मला पेटीमास्तर म्हणत. खरं नाव कंपनीतल्या स्वयंपाक्यालाही ठाऊक नव्हतं.

आमच्या धंद्याबद्दल बाहेरच्यांची समजूत अशी, की नट गातो आणि पेटीवाला त्याच्या मागून बोटं फिरवतो. तसं नाही. पाय भात्यावर, हात पट्ट्यांवर आणि डोळे गाणाऱ्याच्या छातीवर ठेवायचे. जो पेटीवाला गाणाऱ्याच्या ओठांकडे बघतो तो कायम अर्धी मात्रा मागे. श्वास कुठे घेतला, पोटभर घेतला की चोरून घेतला, यावरून पुढची तान कुठवर जाणार ते कळतं. आणि आमचं निम्मं काम वाजवण्याचं असलं तरी निम्मं झाकण्याचं असतं. नट सुरात खाली आला की स्वर जरा दाबून द्यायचा. गद्य विसरला की पुढच्या पदाचा सूर धरायचा, म्हणजे प्रेक्षकांना वाटतं, आता गाणंच येणार होतं. अशी कितीतरी वाक्यं मी माझ्या भात्याखाली गाडली आहेत.

मी मूळचा करमाळ्याचा. वडील कमलाभवानीच्या देवळात पेटी वाजवत. पण घडलो सोलापूरच्या थिएटरात, आणि घडवलं ते सोलापूरच्या प्रेक्षकांनी. पुढच्या खुर्च्यांवर वकील, डॉक्टर, शाळामास्तर. मागे पिटात गिरणीतले कामगार, हातमागावरचे विणकर, पेठेतले हमाल. मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी एका बाकावर मांडीला मांडी लावून बसायच्या. एकदा स्टेशनाकडे जाताना टांगेवाला वळून म्हणाला, "क्या मास्तर, कल दुसरे अंक में पेटी जरा चढ़के बोल रई थी ना?" खरंच चढली होती. उन्हाळ्यात पेटीचे सूर सरकतात. मी मान खाली घातली आणि घरी जाऊन पेटी उघडली. सुरातली चूक पिटाला आधी कळे, शब्दातली चूक खुर्च्यांना. या दोघांच्या मधे उभा राहिलेला एक गाणारा मी पाहिला. त्याचीच हकीकत सांगतो.

आमच्या कंपनीचे मालक दादा. स्वतः नट, तालीम घेणारे तेच आणि कंपनीतल्या साऱ्यांच्या ताटाची काळजी वाहणारेही तेच. त्या वर्षी त्यांनी भीष्माच्या प्रतिज्ञेवर नवं नाटक बसवलं होतं. तरुण देवव्रत बापासाठी आजन्म लग्न न करण्याची शपथ घेतो, आणि त्या शपथेपायी त्याचं नाव भीष्म पडतं, ही गोष्ट सगळ्यांच्या ओळखीची. देवव्रताची पदं उंच पट्टीतली, काळी चारातली. तेव्हा लाउडस्पीकर नव्हता. शेवटच्या बाकापर्यंत पोचवणारी एकच गोष्ट, ती म्हणजे गळा. आणि सोलापूरचा मुक्काम तोंडावर आला असताना आमच्या मुख्य नटाचा गळा बसला. काढे झाले, गुळण्या झाल्या. आवाज पत्र्यावर खडा घासावा तसा.

मला नरसय्या आठवला. हा सोलापूरच्या पूर्व भागातला विणकर, घरी तेलुगू बोलणारा. मार्कंडेयाच्या देवळात भजनाला त्याचा आवाज मी ऐकला होता. माणूस मध्यम बांध्याचा, गळ्यात उपरणं, बोटांवर सुताचे चरे. पण वरच्या षड्जाला गेला की देवळातल्या बायका बोलायच्या थांबत. मी त्याला थिएटरात आणलं. दादा शेवटच्या बाकावर जाऊन बसले, तोंडात पान. म्हणाले, "म्हण." नरसय्यानं तेलुगू भजन म्हटलं. दादांनी उठून बाहेर जाऊन पान थुंकलं, परत येऊन बसले आणि म्हणाले, "पुन्हा म्हण."

पदं त्यानं भराभर उचलली. गद्यही पाठ केलं. मराठी तो बाजारातली बोलायचा, मीठमिरची आणायला पुरेल एवढी. आम्हाला कुणालाच त्यात धोका दिसला नाही, कारण गात असताना स्वर लांब होतो आणि शब्दांचे कोपरे झाकले जातात. गद्यात झाकायला काही नसतं.

पहिला खेळ रविवारी दुपारचा, थिएटर तुडुंब. पहिल्याच पदाला वन्समोअर. दुसऱ्याला दोनदा. खुर्च्यांवरचे पण माना डोलावत होते. मग आला प्रतिज्ञेचा प्रवेश. देवव्रतानं हात उंच करून म्हणायचं, "आजपासून मी भीष्म! ही माझी प्रतिज्ञा!" नरसय्यानं हात उंच केला, छाती भरली आणि गरजला, "आजपासून मी बीष्म! हा माझा प्रतिज्ञा!"

खुर्च्यांत हशा पिकला. कुणी तरी "बीष्म, बीष्म" असा प्रतिध्वनीही काढला. मागून पिटातला एक गडी उभा राहून ओरडला, "हसताय कशाला? गाऊ द्या की त्याला!" पिटाला त्यात काही चुकलंच नव्हतं. 'तुमी-आमी' म्हणणाऱ्यांना 'बीष्म' कशाला खटकेल? मी घाईनं सूर धरला. नरसय्या गायला, आणि असा गायला की हसणारेही गप्प झाले. पण त्याचे कान लाल झाले होते ते मला खालून दिसत होतं.

गावात एक साप्ताहिक निघे. त्यात नाटकांची परीक्षणं लिहीत ते केशवराव वकील. त्यांच्या लेखणीला आम्ही सगळे टरकून असू. पुढच्या गावचा थिएटरवाला आधी त्यांचं परीक्षण वाचायचा आणि मग आमचं पत्र. त्यांनी नरसय्याच्या गाण्याची स्तुती अशी केली होती की दुसरा कुणी असता तर ते कात्रण छातीला लावून फिरला असता. असा चढा, भरीव, कुठेही न फाटणारा पुरुषी आवाज या गावच्या रंगभूमीनं बऱ्याच वर्षांत ऐकला नाही, असं होतं. आणि शेवटी एकच ओळ, 'गाणं देवळातलं, बोलणं मागावरचं.'

ती ओळ गावभर झाली.

दादांनी नरसय्याला बोलावलं. रागावलेले नव्हते, उलट खुशीत होते. म्हणाले, "काळजी करू नकोस. गद्य छाटून टाकतो. तू फक्त गायचंस. प्रतिज्ञा सारथ्याच्या तोंडून सांगवू."

नरसय्या म्हणाला, "गद्य काडू नका दादा."

"अरे, लोक हसतात."

"हसू द्या. गद्य काडलं तर मी माणूस न्हाय राहत. ग्रामोफोनची तबकडी होतो."

"कंपनी चालवायची आहे मला, नरसय्या."

"मग मला दुसरं काम द्या. लहान द्या. पण बोलायचं द्या."

गळा सुधारू लागलेल्या जुन्या नटाकडे भूमिका परत गेली, आणि वन्समोअर घेणाऱ्या माणसानं द्वारपालाचा भाला हातात घेतला. द्वारपालाला नाटकभर एकच वाक्य, "महाराज, धीवरराज दाराशी उभे आहेत." धीवरराज म्हणजे कोळ्यांचा राजा. नरसय्याच्या तोंडून तो 'दीवरराज' व्हायचा आणि 'उबा' राहायचा.

त्याच आठवड्यात तो मला म्हणाला, "मास्तर, वकिलाच्या गरी येता का संगट?"

मला वाटलं, आता भांडण. निघालो, निदान सोडवायला तरी. केशवराव ओसरीवर चहा घेत होते. आम्हाला बघून त्यांनी बशी खाली ठेवली. म्हणाले, "या. भांडायचं असेल तर चहा आधी घ्या. नंतर प्यायला जमत नाही."

नरसय्या बसला नाही. "बांडायला न्हाय आलो. विचारायला आलो. माझं कुटं चुकतं?"

केशवरावांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. एवढ्या वर्षांत त्यांच्या दारात शिव्या घेऊन येणारे नट आले होते, पेढे घेऊन येणारे आले होते. प्रश्न घेऊन कुणी आला नव्हता. ते म्हणाले, "तुमच्या तोंडात अक्षराच्या पाठीमागचा 'ह' नाही. भ म्हणजे ब आणि त्याच्या पाठीवर श्वास. ध म्हणजे द आणि श्वास. तो श्वास तुम्ही सगळा गाण्यासाठी राखून ठेवता."

"श्वास लई हाय की माझ्याकडं."

"मग थोडा गद्यालाही द्या. आणि प्रतिज्ञा ती आहे, तो नव्हे."

"ती का?"

केशवराव प्रथमच हसले. "ते मला ठाऊक असतं तर मी वकिली कशाला केली असती? व्याकरणच लिहिलं असतं."

निघताना त्यांनी हाक मारून थांबवलं. "हे बघा, पुन्हा ही भूमिका केलीत तर मी येईन. पण सूट देणार नाही."

"सूट नको," नरसय्या म्हणाला.

त्यानंतर मी त्याच्या घरी जाऊ लागलो. खोलीत माग, मागाच्या कडेला बसून त्याची आई सुताच्या कांड्या भरायची. तिला मराठी अजिबात येत नव्हतं. मी आलो की हसायची आणि पाण्याचा तांब्या पुढे करायची, एवढंच आमचं बोलणं. नरसय्या तळहात तोंडापुढे धरून ब आणि भ म्हणायचा, श्वास लागतो का बघायचा. हाताला घाम यायचा, काही कळायचं नाही. आईनं तेलुगूत विचारलं, हे काय चाललंय? त्यानं सांगितलं. ती उठली, मागाखाली साचलेल्या सुताच्या पिंजेतून एक बारीक पुंजका उचलला आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

"ब," नरसय्या म्हणाला. पुंजका जागचा हलला नाही.

"भ." पुंजका उडाला आणि माझ्या टोपीवर बसला.

ती माउली एवढी हसली की तिचं सूत तुटलं. पुंजका उडाला की ती दुसरा ठेवायची. त्या घरात पुंजक्यांना तोटा नव्हता.

शब्दांच्या लिंगांचं काम जास्त कठीण होतं. पगडी ती आणि पागोटं ते, याला नियम कुठला? मग आम्ही तालाचा आधार घेतला. शब्द एकटा पाठ करायचाच नाही, जोडीनं करायचा. माझी प्रतिज्ञा, माझा धर्म, माझं धनुष्य. मी मांडीवर ठेका धरायचा आणि तो म्हणायचा. गाणाऱ्या माणसाला सम चुकली की अंगावर काटा येतो. काही दिवसांनी 'माझा प्रतिज्ञा' म्हटलं की त्याला तसाच काटा येऊ लागला.

कंपनी दौऱ्यावर निघाली. नरसय्यानं आगपेटीत पिंज भरून घेतली होती. नातेपुत्याला यात्रेतल्या तंबूत खेळ होते. सकाळी हा ओढ्याकाठी दगडावर बसून तळहातावर फुंकतोय, आणि मेंढरं घेऊन आलेला एक म्हातारा धनगर काठीवर हनुवटी टेकून बघतोय. शेवटी न राहवून मला म्हणाला, "ह्यो मानूस मगाधरनं हातावर फुकतोय. देवरुषी हाय का काय?"

म्हटलं, "न्हाय, द्वारपाल हाय."

तेवढ्यात नरसय्यानं पुंजका ठेवून दिला आणि एक पद सोडलं. म्हातारा ते संपेस्तोवर हलला नाही. मेंढरं पार पुढे गेली. मग म्हणाला, "असा गळा, आन् त्याला दारावर उभा केलाय व्हय? तुमचा मालक येडा हाय."

अक्कलकोटला पिटातून वन्समोअर कानडीत यायचा, "इन्नोंद सला!" तो मुख्य नटाला मिळायचा, आणि नरसय्या भाला धरून त्याच्या शेजारी उभा असायचा. मी खालून बघायचो. तोंडावर हेवा कधी दिसला नाही. पण प्रतिज्ञेचा प्रवेश आला की भाल्यावरची बोटं घट्ट व्हायची आणि ओठ हलायचे. अक्कलकोटलाच एका खेळात त्याचा धीवरराज दाराशी नीट, खणखणीत उभा राहिला. प्रेक्षकांना कशाला कळतंय? पण मी खाली बसल्या बसल्या मांडीवर थाप मारली, आणि तबलजी दचकला.

परत सोलापूरचा मुक्काम आला तोवर जुन्या नटाला डॉक्टरांनी गायला बंदी केली होती. शिवाय तिकिटाच्या खिडकीवर विणकर आणि गिरणीवाले विचारू लागले, "आमचा नरसय्या गाणार हाय का?" दादांपुढे दुसरा मार्ग नव्हता. तरी त्यांनी घासाघीस करून पाहिली. "निम्मं गद्य ठेवू."

"पुरं गद्य, न्हाय तर द्वारपाल," नरसय्या म्हणाला.

दादांनी मान्य केलं, आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "प्रतिज्ञेच्या वेळी मी विंगेत उभा असेन. तो अडखळला की रुमाल हलवीन. लगेच सूर धरायचा. दुसऱ्यांदा हसं झालं तर सोलापूर आपल्याला बंद."

त्यांचंही खोटं नव्हतं. सोलापूर बंद म्हणजे निम्मा जिल्हा बंद.

खेळाला केशवराव पहिल्या रांगेत, हातावर हात बांधून. वरती बायकांच्या जागेत नरसय्याची आई, शेजारणींच्या मधोमध. पहिला अंक गाण्यांनी मारून नेला. आता लोक शब्द ऐकायला बसले होते, आणि काही जण हसायला. ते पाठीला कळतं. इतकी वर्षं पाठ करून बसलं की पाठीला डोळे फुटतात.

प्रतिज्ञेचा प्रवेश आला. नरसय्या पुढे आला, हात वर केला. "आजपासून मी..."

आणि थांबला.

खुर्च्यांत कुठे तरी एक हसू दाबल्याचा आवाज आला. विंगेत दादांचा रुमाल हलला. मी बघितला. पुन्हा हलला, जोरात. माझी बोटं पट्ट्यांवर होती, पाय भात्यावर. सवयीनं पाय दाबणारच होता. पण माझी नजर नरसय्याच्या छातीवर होती. छाती हळूहळू वर येत होती, वरच्या षड्जाला जाण्याआधी येते तशी. मी दोन्ही हात उचलले आणि मांडीवर ठेवले. पाय खाली जमिनीवर घेतले. आता त्याला झाकायला काही उरलं नव्हतं.

"आजपासून मी भीष्म!" तो म्हणाला. ओरडला नाही, म्हणाला. तो भ थिएटरभर गेला. "ही माझी प्रतिज्ञा! धरणी ढळली, ध्रुव ढळला, तरी हा भीष्म ढळायचा नाही!"

मग पिटातून टाळी आली आणि ती पुढे पुढे सरकत खुर्च्यांपर्यंत पोचली. गाण्याला टाळी मी आयुष्यभर ऐकली. बाराखडीतल्या एका अक्षराला मिळालेली तेवढीच एक. केशवराव टाळी वाजवत नव्हते. पण त्यांच्या हातांची घडी सुटली होती, एवढं मी मान वळवून पाहिलं. खेळ चालू असताना मान वळवायची नाही, हा धंद्याचा नियम मोडून पाहिलं.

प्रवेश संपल्यावर दादांनी मला गाठलं. घामाघूम. "पेटीमास्तर, माझी खूण दिसली नाही?"

"दिसली."

"मग?"

"तो अडला नव्हता, दादा. श्वास घेत होता."

दादांनी तोच रुमाल तोंडावरून फिरवला आणि पुढच्या प्रवेशाला गेले.

पुढचं थोडक्यात सांगतो. त्या भूमिकेवर मग पुण्याच्या आणि मुंबईच्या पत्रांनीही लिहिलं. सगळ्यांनी आवाजाची उंची वाखाणली, आणि सगळ्यांनी गद्याचा उल्लेख केला. पुण्याच्या एका परीक्षकानं तर त्याची वाणी इतकी शुद्ध की हा घरंदाज पुणेकरच असावा, असा शोध लावला. नरसय्यानं मला ते वाचायला लावलं आणि म्हणाला, "मास्तर, ह्यांना एक ओळ लिहा. म्हणावं, पुण्याचा नाही, पूर्व भागातला." त्याचा 'भागातला' अगदी स्वच्छ होता. काही वर्षं अशी गेली, मग बोलपट आले. थिएटरावर पांढरा पडदा चढला, कंपनी मोडली, माझी पेटी घरात आली. मी घरोघर शिकवण्या धरल्या. नरसय्या मागावर परतला, भजन सुटलं नाही. त्याच्या दोन-तीन तबकड्या निघाल्या होत्या, अजूनही कुणाकडे तरी असतील. पण तबकडीवर गाणीच आहेत. ते वाक्य कुठेच नाही, याची मला अजून चुटपुट लागते.

बाकी परीक्षणं आता धुरकट झाली. आठवतं ते केशवरावांचं. अंक निघाला त्या सकाळी मी तो घेऊन नरसय्याच्या घरी गेलो. आई कांड्या भरत होती. मी मराठीत वाचत गेलो आणि तो तिला तेलुगूत सांगत गेला. अर्धं परीक्षण गाण्यावर होतं, अर्धं बोलण्यावर. मागची ती ओळ आपण परत घेत नाही, असं केशवरावांनी लिहिलं होतं. त्या दिवशी ती खरी होती, आज ती खोटी ठरवण्याचं श्रेय आपलं नाही, नटाचं आहे, असंही होतं. आणि शेवटी, सूट न देता, तिसऱ्या अंकातला एक 'ध' अजून कच्चा असल्याची नोंद होती.

"कुटला ध?" नरसय्यानं ताडकन विचारलं. स्तुतीतलं त्यानं काहीच ऐकलं नव्हतं बहुतेक.

आई मधेच काही तरी म्हणाली. तो हसायला लागला. मी विचारलं, "काय म्हणतेय?"

"विचारतेय, गाणं नव्हतं, पेटी पण थांबली होती. मग लोकांनी टाळ्या कशाला वाजवल्या?"

"मग सांग की तिला."

त्यानं आईकडे वळून तेलुगूत चार शब्द सांगितले. तिनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि कांडी पुन्हा फिरवायला घेतली. मी म्हटलं, काय सांगितलंस?

"म्हटलं, मी नाव नीट सांगितलं म्हणून."